कर्करोग्याच्या उशाशीं

श्रोतेहो, शुश्रूषा म्हटली म्हणजे औषध वेळेवर देणें, ताप पाहणें, जखम धुणें, अंथरूण बदलणें, एवढींच कामें आपल्या डोळ्यांपुढें येतात. तीं तर परिचारिकेला करावींच लागतात. परंतु कर्करोग्याच्या उशाशीं बसलें असतां आणखी एक काम अंगावर येऊन पडतें. तें म्हणजे रोग्याच्या प्रश्नास उत्तर देणें.

मी नुकतीच नोकरीस लागलें होतें, तेव्हांची गोष्ट. माझ्या वॉर्डांत पन्नाशीच्या एक बाई होत्या. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला होता. "आईला कांहीं सांगूं नका, ती हाय खाईल," असें त्यांच्या मुलानें आम्हांला हात जोडून विनविलें होतें. एके रात्रीं मी पाणी देण्यास गेलें, तेव्हां त्यांनीं माझा हात धरला व विचारलें, "बाई, मी यांतून उठेन ना हो?" मीं हंसून सांगितलें, "उठाल तर! वाताचें दुखणें आहे. आठ-पंधरा दिवसांत घरीं जाल." त्यांनीं हात सोडला. पुढें तीन आठवड्यांनीं त्या वारल्या. मागाहून शेजारच्या खाटेवरील बाईंकडून कळलें कीं, रत्नागिरीस असलेल्या धाकट्या बहिणीशीं त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता, आणि "बरी झालें कीं आधीं तिच्याकडे जाईन," असें त्या म्हणत असत. माझ्या गोड बोलण्यानें त्यांचें दुःख हलकें झालें नाहीं; त्यांचे उरलेले तीन आठवडे मात्र मीं हिरावून घेतले.

मग काय, रोग्याच्या तोंडावर मरण सांगावें, असें आपण विचाराल. तसें मुळींच नाहीं. निदान सांगणें हें डॉक्टरांचें काम. परिचारिकेनें त्यांत परस्पर पडूं नये. पण तिनें खोटेंही बोलूं नये. "तुम्हांला स्वतःला काय वाटतें?" असें विचारून शांतपणें ऐकावें, आणि रोगी काय विचारतो आहे तें डॉक्टरांच्या कानांवर घालावें. पुष्कळदां रोग्यानें सर्व ओळखलेलें असतें. घरचीं माणसें त्याच्यापासून लपवितात, तो त्यांच्यापासून लपवितो, आणि दोघेंही एकेकटींच रडतात. कांहीं रोग्यांस सगळें जाणून घ्यावयाचें नसतें. त्यांची इच्छाही राखली पाहिजे. परंतु ती इच्छा त्यांची असावी, आपण त्यांच्यावर लादलेली नसावी.

दुसरा प्रश्न वेदनेचा. सिसिली साँडर्स या विदुषी प्रथम परिचारिका होत्या व पुढें डॉक्टर झाल्या. त्यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर हें मरणासन्न रोग्यांसाठीं शुश्रूषागृह उघडलें. वेदना केवळ शरीराची नसते, तींत मनाची भीति, संसाराची काळजी आणि "हें मलाच कां?" हा प्रश्न मिसळलेला असतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. तीव्र वेदनेवर मॉर्फीन घड्याळाप्रमाणें, वेदना उसळण्यापूर्वींच द्यावें, हाही धडा त्यांनीं दिला. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं हीच दिशा दाखविली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यामुळें हें औषध मिळणें कठीण झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें ती वाट पुष्कळ सुकर केली. तरीही "व्यसन लागेल" या धास्तीनें घरचीं माणसें गोळी चुकवितात. वेदनेसाठीं डॉक्टरांनीं नेमून दिलेल्या मात्रेनें व्यसन क्वचितच लागतें, हें त्यांना समजावून सांगणें आणि मॉर्फीननें होणाऱ्या मलावरोधाची आधींच काळजी घेणें, हें परिचारिकेचें कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट लाजेची. कर्करोगाच्या कांहीं जखमांना दुर्गंधि येते. रोग्यास तो वास आपल्याआधीं जाणवतो, आणि आपल्या कपाळावरील आठी तो नेमकी टिपतो. नातवंडें जवळ येईनाशीं होतात. अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड घातली कीं वास पुष्कळ कमी होतो. पडदा ओढून, नीट झांकून अंग पुसावें. कांहींहि करण्यापूर्वीं त्याची परवानगी विचारावी. इतक्यानेंही माणसाला आपण अजून माणूस आहों असें वाटतें.

मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें, आणि वांद्र्यास शांती आवेदना सदन १९८६ सालीं. पहिल्यांत रोगाशीं झुंज द्यावयाची. दुसऱ्यांत, झुंज संपली तरी माणसाला सोडावयाचें नाहीं. शुश्रूषेस हीं दोन्ही व्रतें पाळावीं लागतात.

आणि परिचारिकेचें काय? तिनें दगड व्हावें असें पुष्कळांना वाटतें. मला तें पटत नाहीं. खाट रिकामी झाली कीं दोन अश्रू गाळण्यास, सहकारिणीपाशीं मन मोकळें करण्यास तिला सवड मिळाली पाहिजे. नाहीं तर ती लवकरच कोरडी पडते, आणि त्याची झळ पुढच्या रोग्यास लागते.

श्रोतेहो, त्या रात्रीनंतर मला तोच प्रश्न पुष्कळांनीं विचारला. आतां मी हंसून उत्तर देत नाहीं. खुर्ची ओढून बसतें, हात हातांत घेतें आणि विचारतें, "कोणाला भेटावेंसें वाटतें का?"