शिकणारा हात
(मंडळाच्या जानेफळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यावर अध्यापनाची सनद आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून फळ्यापुढे घालविलेले आयुष्य, एवढीच आमची शिदोरी. आजचा विषय मात्र शाळेचा नाही, गुडघ्याचा आहे. कोणी हसू नये. ह्या मंडपात आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण सतरंजी सोडून खुर्ची शोधीत होते, हे आम्ही मघाशी पाहिले आहे, आणि त्यांत आम्हीही एक होतो.

गेल्या संमेलनात एका वृद्ध आप्ताने आम्हांस विचारले, "मास्तर, तुमचा पुतण्या डॉक्टर ना? बत्तिशी गाठली, तरी म्हणे अजून शिकतोच आहे. दवाखाना केव्हा काढणार?" आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते. तो पुण्याच्या एका रुग्णालयात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा 'सीनियर फेलो' आहे, एवढेच आम्ही पाठ केले होते. फेलो म्हणजे काय, तो विद्यार्थी की वैद्य, हे विचारण्याचा धीर झाला नव्हता. पुढे आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनिमित्त आम्ही एकवीस दिवस पुण्यास राहिलो आणि ते उत्तर आम्हांस मिळाले. तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम त्याच्या शिक्षणाचा हिशेब मांडू. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष. मग शासनाच्या बंधपत्राप्रमाणे एक वर्ष ग्रामीण सेवा. पुढील प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. नंतर अस्थिरोगशास्त्रातील एम.एस.ची तीन वर्षे. त्यानंतर काही काळ निवासी वैद्य म्हणून नोकरी. इतके झाल्यावर ज्याला केवळ सांधेरोपणातच प्रावीण्य मिळवावयाचे आहे, तो एखाद्या अनुभवी शल्यविशारदाच्या हाताखाली आणखी वर्ष-दोन वर्षे राहतो. हाच फेलो. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशा शिक्षणास मान्यता देते. फेलोंमध्ये जो जुना झाला, ज्याच्याकडे नव्यांना शिकविण्याचेही काम आले, तो सीनियर. विद्यावेतन मिळते, परंतु पुण्यातील खोलीभाडे व खाणावळ भागविल्यावर फारसे उरत नाही. तात्पर्य, तो वैद्य पूर्ण आहे, तथापि त्याने विद्यार्थीपण स्वखुशीने लांबविले आहे.

आता ह्या विद्येविषयी थोडे. आपल्याकडे 'वाट्या बदलल्या' असे म्हणतात. त्यावरून आम्हांस वाटे की, जुना गुडघा काढून नवा बसवितात. पुतण्याने समजाविले ते निराळेच. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीचे वरचे टोक यांवरील झिजलेला थर, साधारण आठ ते दहा मिलिमीटर, मापून कापतात. वरच्या हाडास धातूचे टोपण, खालच्यास धातूची तबकडी आणि दोहोंमध्ये एका कठीण प्लॅस्टिकचा तुकडा बसवितात. आम्ही त्यास म्हटले, "म्हणजे बैलगाडीच्या झिजलेल्या चाकाला लोहार नवी धाव चढवितो तसे." तो म्हणाला, "काका, अगदी तसेच. पण धाव तिरपी बसली तर गाडी ओढ खाते, आणि इथे गाडी पुन्हा लोहाराकडे आणणे सोपे नसते." हाडास धातू चिकटविणारे सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. तेवढ्या अवधीत सर्व जागच्या जागी बसले पाहिजे. पाय सरळ केला असता आणि वाकविला असता, दोन्ही वेळी शिरांचा ताण समान राहिला पाहिजे. हा ताण यंत्राने मोजता येतो, तरी हातासही तो कळावा लागतो, आणि तो हात पुस्तकातून येत नाही.

ह्या विद्येचा इतिहासही असाच शिकणाऱ्या हातांचा आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात सर जॉन चार्नली हे खुब्याच्या सांधेरोपणाचे आचार्य होते. त्यांच्याकडे कॅनडाहून शिकावयास आलेल्या फ्रँक गन्स्टन नामक तरुण वैद्याने १९६८ च्या सुमारास धातू, प्लॅस्टिक व सिमेंट वापरून गुडघ्याची नवी रचना केली. म्हणजे गुरूने खुबा दिला आणि शिष्याने त्यावरून गुडघा शोधला. पुढे न्यूयॉर्कच्या एका विख्यात रुग्णालयात १९७४ साली आजच्या गुडघ्याची पूर्वपीठिका ठरलेली रचना वापरात आली. तिच्या कर्त्यांमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत होते. हे इंदूर येथे वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेले गृहस्थ. ऑक्टोबर २००० मध्ये व पुन्हा जून २००१ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली ती ह्याच हातांनी. त्या वेळी आपल्या खेड्यापाड्यांतून प्रथमच कळले की, गुडघाही बदलता येतो. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी आपल्या लोकांची ठेवण ध्यानी घेऊन 'इंडस' नावाचा देशी गुडघा सिद्ध केला. त्यांना २०१२ साली पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस मर्यादा घातली. दीड लाखांच्या घरात जाणारा नेहमीचा गुडघा, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आला. हे झाले नसते, तर आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने त्या वाटेस जाण्याचा विचारही केला नसता.

असो. आता पुतण्याची दिनचर्या. पहाटे साडेसहास तो वॉर्डात असे. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची पट्टी पाहावयाची, पोटरी दाबून रक्ताची गाठ तर झाली नाही ना हे तपासावयाचे, वॉकर देऊन चार पावले चालवावयाचे. नंतर शस्त्रक्रियागृह. तेथे रुग्णाचा पाय नीट मांडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तो उभा. दुपारनंतर बाह्यरुग्ण विभाग. तेथे धनुष्यासारख्या वाकलेल्या पायांच्या आयाबहिणींची रांग. सायंकाळी दुसऱ्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रांवर रेषा आखून मापे काढणे, नव्या डॉक्टरांस शिकविणे, नातेवाइकांस फोन करणे. आणि रात्री झोप लागते न लागते तोच परिचारिकेची हाक.

एका रात्री तो आमच्याबरोबर जेवावयास बसला असता फोन आला. एका वृद्धाची पोटरी सुजली होती. तो ताटावरून उठला तो दीड वाजता परतला. "काय निघाले?" आम्ही विचारले. "काही नाही काका, नुसती सूज होती." आम्ही म्हटले, "मग एवढी धावपळ कशाला?" तो म्हणाला, "काही नाही, हे पाहिल्याशिवाय कळत नाही." त्या रुग्णाच्या कागदावर प्रमुख वैद्य म्हणून त्याचे नाव नव्हते. तो बरा झाला असता तरी आभार दुसऱ्याचेच मानले गेले असते. आम्ही त्यास विचारले, ह्या कामात सर्वांत अवघड काय? आम्हांस वाटले, हाड कापणे म्हणेल. तो म्हणाला, "आपल्याला जमेल असे वाटत असतानाही हात थांबवून सरांना हाक मारायची वेळ ओळखणे."

आता, बंधुभगिनींनो, आम्ही एक कबुली देणार आहोत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी मुख्य शल्यविशारद आमच्या खोलीत आले. पुतण्याने आधीच सांगितले होते की, काकूंच्या शस्त्रक्रियेस आपण हात लावणार नाही, कारण जिथे माया आहे तिथे हात स्थिर राहीलच असे नाही. मुख्य डॉक्टरांनी समजाविले की, हाड कापणे व सांधा बसविणे ते स्वतः करतील. सांधा उघडणे, शेवटी तो शिवणे व मधली काही कामे दुसरी सीनियर फेलो त्यांच्या नजरेखाली करील. ही कोल्हापूरकडची एक मुलगी, आमच्या पुतण्याच्याच वयाची. आम्ही मान डोलाविली. परंतु ते बाहेर पडताच आम्ही त्यांच्यामागे गेलो आणि हळूच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, सगळे आपणच करावे. शिकणारांचा हात नको." ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे सांगण्याचा तुम्हांस पूर्ण हक्क आहे. तशी नोंद करतो. मात्र एकदा काकूंनाही विचारा, गुडघा त्यांचा आहे."

आम्ही खोलीत परतलो. सौभाग्यवतींनी दारातून सर्व ऐकले होते. आपल्या वऱ्हाडी बोलीत त्या म्हणाल्या, "मंग शाळेत पोट्ट्यायच्या हातात खडू काऊन देत होते तुम्ही? आपलं लेकरू दुसऱ्याच्या मायवर शिकते, ते चालते. दुसऱ्याचं लेकरू माह्यावर शिकलं, तं तुमच्या पोटात गोळा येते. साहेब जवळ उभे हायेत ना? मंग झालं." आणि त्यांनी डॉक्टरांस परत बोलावून, ती मुलगी असेल असे सांगून, संमतीच्या कागदावर आपल्या हाताने सही केली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सबंध आयुष्य आम्ही मुलांना सांगत आलो की, चुकल्याशिवाय कोणी शिकत नाही, पाटीवर हात फिरवा. परंतु ती पाटी आमच्या घरची झाली, तेव्हा आम्ही ती मागे ओढली. आपला पुतण्या निष्णात व्हावा ही इच्छा आम्ही धरली होती. तो कोणाच्या अंगावर निष्णात होतो, हा विचार आमच्या मनास शिवलाही नव्हता.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. ती मुलगी रोज दोन वेळा येई, गुडघा वाकवून पाही, आणि दुखले की "काकू, शिव्या द्या पण वाकवा" म्हणे. टाके काढले तेव्हा ती रेघ आम्ही चष्मा लावून पाहिली. फळ्यावर पट्टीने आखलेली आमची रेघही तितकी सरळ येत नसे. सर्वच दुःख गेले, असे मात्र नाही. जमिनीवर मांडी घालून बसू नये, असे सौभाग्यवतींस बजाविले आहे. उन्हाळ्यात आयाबाया पापड लाटावयास गोल बसतात, तेथे त्यांना खुर्चीवर बसावे लागते, ह्याची त्यांस खंत वाटते. परंतु आज त्या मंडपाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून आल्या आहेत.

आता मंडळास आमची नम्र विनंती. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा आपण दरवर्षी सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यापुढे बारा-चौदा वर्षे जो शिकत राहतो, त्याची आपण फक्त चौकशी करतो, आणि तीही टोचून. आपल्या विद्यार्थी निधीतून अशा उच्च शिक्षणाच्या शेवटच्या वर्षांसाठी काही बिनव्याजी रक्कम राखून ठेवावी. मुलगी पाहावयास येणाऱ्या, तसेच मुलगा पाहावयास जाणाऱ्या मंडळींनी, "अजून शिकतो" किंवा "अजून शिकते" हे वैगुण्य मानू नये. त्या कोल्हापूरच्या मुलीचेही वय तेवढेच आहे, आणि तिच्या आईवडिलांनाही हेच प्रश्न विचारले जात असणार.

दुसरी विनंती आपणां सर्वांस, कारण रुग्ण आपण सर्वच होणार आहोत. शस्त्रक्रिया कोण करणार, कोण जवळ उभे राहणार, हे निःसंकोच विचारावे. तो आपला हक्क आहे, आणि चांगला वैद्य त्याचे सरळ उत्तर देतो. परंतु उत्तर मिळाल्यावर, जाणत्याच्या नजरेखाली काम करणारा शिकणारा हात केवळ शिकणारा म्हणून नाकारू नये. आपल्या बुलढाण्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे आपलीच मुले शिकतील, आणि आपल्याच गावच्या माणसांवर शिकतील. ती चांगली शिकावीत की नाही, हे काही अंशी आपणच ठरवावयाचे आहे.

ज्या आप्ताने गेल्या वर्षी प्रश्न केला होता, ते आजही समोर बसले आहेत. त्यांस आमचे उत्तर असे : दादा, तो अजून शिकतो आहे, हे खरे. दवाखाना काढील तेव्हा काढील. तोवर तुमचा गुडघा कुरकुरू लागला, तर आम्हांस सांगा, आम्ही बरोबर येऊ.