भाड्याचे भूत

माणसाने भयाला बाहेर ठेवण्यासाठी घर बांधले, घराला दार केले, दाराला कडी लावली आणि कडीवर कुलूप चढविले. आता तोच माणूस पदरचे पैसे मोजून, ज्या खोलीत भय नांदते असे सांगतात, त्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. शहरांतून या करमणुकीला ‘एस्केप रूम’ म्हणतात. चार-सहा जणांनी एका खोलीत शिरावयाचे, मागे दार लागते, आणि मग तासाभरात आतली कोडी सोडवून, कुलपांचे आकडे हुडकून बाहेर पडावयाचे. जपानात क्योतो शहरी २००७ साली ताकाओ कातो नावाच्या गृहस्थांनी संगणकाच्या पडद्यावरचा हा खेळ खऱ्या खोलीत आणला असे सांगतात. पुढे दहा वर्षांच्या आतच तो जगभर झाला, मुंबई-पुण्यासही आला. पुष्कळदा ही खोली झपाटलेल्या वाड्याची असते.

खानदेशातले एखादे कुटुंब अशा ठिकाणी गेले तर काय होईल, याचे चित्र मनापुढे आणणे कठीण नाही. समजा, जळगावचे हे घर आहे. नातू पुण्यास शिकावयास आहे. दिवाळीच्या सुटीत आजोबा, आत्या आणि दहा वर्षांची धाकटी नात त्याच्याकडे आली आहेत. आजोबांना घरात सगळे नाना म्हणतात. त्यांचे बालपण एरंडोलकडच्या एका खेड्यात, धाब्याच्या घरात गेले. नाना काही केल्या चकित होत नाहीत ही नातवाची जुनी तक्रार, आणि या वेळी त्यांना चकित करावयाचेच, अशी त्याने मनाशी गाठ बांधली आहे.

सकाळी शनिवारवाडा पाहून झाला. तेथे पाहावयास वाडा असा उरलेला नाहीच. १८२८ सालच्या आगीत तो गेला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. तरी नारायणराव कोठे धावले असतील, हे नाना त्या रिकाम्या जोत्यांवरून धाकटीला दाखवीत होते, आणि ती त्यांचा हात सोडीत नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ चा तो खून. अठरा वर्षांचा पेशवा, काकांच्या नावाने मारलेली हाक, आणि पौर्णिमेच्या रात्री ती हाक अजून ऐकू येते ही लोकवार्ता. भिंती नाहीत, अंधार नाही, भर दहाचे ऊन. तरी मूल घाबरले.

संध्याकाळी नातवाने सर्वांना त्या खोलीत नेले. “नाना, तुम्हाला त्रास होत असेल तर बाहेर बसा,” तो अदबीने म्हणाला. “अरे, पैसे भरलेस ना? मग बाहेर कशाला बसायचे?” नाना म्हणाले.

आत जे होते ते असे. पुड्यांतून मिळणारे कोळ्याचे जाळे खिळ्यांना ताणून बसविलेले. रबराचा तुटका हात. कोण्या मडमेची तसबीर, जिचे डोळे दिव्याने लाल होत. आणि दर चार मिनिटांनी तेच ते हसणे. पहिल्यांदा आत्या दचकल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पदर सावरला. तिसऱ्यांदा धाकटी आधीच आकडे मोजू लागली आणि हसणे नेमक्या वेळेला आले, तेव्हा तिने टाळी वाजविली. कुलपाचा आकडा भिंतीवर आधीच्या कोण्या टोळक्याने पेन्सिलीने लिहून ठेवला होता. कपाटातून भूत निघावयाचे होते. ते निघाले, पण त्याच्या काळ्या झग्याखाली चपला दिसत होत्या, आणि कपाटाचे दार अडकल्यामुळे त्याने “जरा ओढा हो” अशी विनंतीही केली. नातवाचा चेहरा उतरला. त्याला भुताचा नव्हे, नानांचा राग येत होता. कारण नाना त्या भुताला दार ओढावयास मदत करीत होते.

या फजितीचा दोष सगळाच त्या दुकानदाराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. भीतीचा खेळ मांडणे ही जुनी आणि अवघड विद्या आहे. पॅरिसमध्ये १७९८ साली रॉबर्टसन या नावाने वावरणाऱ्या बेल्जियन गृहस्थाने पडद्यामागे चाकांवर जादूचा दिवा ठेवला. दिवा मागे सरकविला की पडद्यावरची आकृती वाढत वाढत प्रेक्षकांच्या अंगावर येई. लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये १८६२ च्या नाताळात पेपरसाहेबांनी रंगभूमीवर तिरपी काच उभी करून, खाली लपविलेल्या नटाचे प्रतिबिंब भूत म्हणून उभे केले. आपल्याकडेही कल्याणच्या पटवर्धनांनी काचेवर रंगविलेल्या चित्रांची शांबरिक खरोलिका गावोगाव दाखविली. तीत भुते नव्हती, पुराणे होती, पण अंधारात उजेडाने लोकांना खिळवून ठेवण्याची किमया तीच. या सर्वांना एक गोष्ट ठाऊक होती. युक्ती प्रेक्षकाच्या लक्षात येण्याच्या आत दृश्य बदलले पाहिजे. दर चार मिनिटांनी हसणारे यंत्र भूत राहत नाही, घड्याळ होते.

दुसरे कारण याहून खोल आहे. नानांच्या लहानपणच्या भुतांना पत्ता होता. मुंजा असे तो अमक्या पिंपळावर, हडळ असे ती तमक्या विहिरीशी, आणि चकवा लागे तो नेमका दोन शिवारांच्या बांधावर. धान्याच्या बळदात उतरताना पोरे का कचरत, हे तेथे कोण गेले आणि कसे गेले, हे ठाऊक असल्यामुळे. आपल्याकडचे भूत म्हणजे बहुधा अन्याय होऊन गेलेले ओळखीचे माणूस. त्या भाड्याच्या खोलीतल्या मडमेवर कोणी काय अन्याय केला होता, हे कोणी सांगितलेच नाही. मग तिच्या लाल डोळ्यांची पर्वा कोणी करावी?

अर्थात जुन्या भयाचे गोडवे गाण्यातही काही अर्थ नाही. शेकोटीभोवतीची गोष्ट ऐकणाऱ्याला गोड लागते. पण याच खानदेशात, सातपुड्याच्या पाड्यांवर, ‘डाकीण’ ठरविलेल्या बाईला त्याच भयापायी मारहाण झाली, गाव सोडावे लागले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. त्या मानाने कपाटात अडकलेले चपला घातलेले भूत फारच सुशील म्हटले पाहिजे.

पंचेचाळीस मिनिटे झाली होती. सगळे हसत होते, नातूसुद्धा. तेवढ्यात नानांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “दार बाहेरून लावले आहे का रे? आणि किल्ली कोणाजवळ?”

नातवाला उत्तर देता आले नाही. त्या खोलीतला खरा प्रश्न तेवढा हाच होता. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन शहरी पंधरा वर्षांच्या पाच मुली वाढदिवसानिमित्त अशाच एका खोलीत गेल्या. बाहेरच्या दालनात गॅसच्या गळतीने आग लागली. त्यांना बाहेर पडता आले नाही, आणि धुरातील विषारी वायूने पाचही जणी गेल्या. त्यानंतर त्या देशात अशा खोल्यांची झाडून तपासणी झाली आणि कित्येकींना टाळे लागले. त्याही आधी, ११ मे १९८४ रोजी, अमेरिकेतील न्यू जर्सी येथे एका उद्यानातल्या भुताच्या किल्ल्याने पेट घेतला आणि आठ तरुण मुले त्यात दगावली. धूर दिसला तेव्हा काहींना तो खेळाचाच भाग वाटला होता. भयाचे सोंग मांडले म्हणजे खरे भय ओळखू येत नाही, ही त्यातली भीषण गोष्ट.

नानांना ही नावे आणि तारखा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना बळद ठाऊक होते. बळदात पोर उतरले की वर एक मोठे माणूस उभे राहिलेच पाहिजे, हा त्यांच्या घरचा दंडक होता.

त्यांनी छताकडच्या कॅमेऱ्याकडे पाहून हात केला. ध्वनिक्षेपकातून एक तरुण आवाज आला: “आजोबा, सूचना हवी आहे का?”

“सूचना नको. आतून दार कसे उघडायचे, तेवढे सांगा.”

क्षणभर काही बोलणे आले नाही. मग त्या आवाजाने सांगितले की, दाराच्या डाव्या अंगाला एक हिरवी कळ आहे, ती दाबली की कुलूप सुटते. कळ कोठे दिसेना. आत्यांनी भिंत चाचपली, नातवाने मोबाइलचा उजेड धरला. अखेर धाकटीने ते पुडीतले जाळे दोन्ही हातांनी ओढून काढले, तेव्हा त्याखाली ती सापडली.

“दाबू का, नाना?” तिने विचारले. अजून बारा मिनिटे शिल्लक होती, आणि शेवटचे कुलूप उघडावयाचे राहिले होते.

“दाब,” नाना म्हणाले.