चेंडू कुणाच्या हाती द्यायचा?



‘प्रभावी नेत्याचे गुण’ असा विषय संयोजकांनी दिला आहे. अशा वेळी वक्त्याने धैर्य, दूरदृष्टी, चारित्र्य अशी यादी म्हणायची आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या, हा आपला रिवाज. माझा त्या यादीवर फारसा भरवसा नाही. आधी निकाल लागतो, मग त्याला शोभतील असे गुण आपण माणसाला चिकटवतो. म्हणून आज एकाच माणसाचे चार निर्णय पाहू. माणूस अजित वाडेकर.

१९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. पतौडींचं कर्णधारपद गेलं. पतौडींचा रुबाब असा, की ते नुसते मैदानात उतरले तरी लोक बघत राहत. वाडेकर स्टेट बँकेतले, हळू आवाजात बोलणारे. नेतृत्वाच्या कुठल्याही शिबिरात त्यांना मागच्या रांगेत बसवलं असतं!

वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी त्यांनी दिलीप सरदेसाईंचा आग्रह धरला. मूळचे मडगावचे सरदेसाई तेव्हा संपले, असंच बहुतेकांचं मत होतं. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत त्यांनी २१२ धावा केल्या. भारत ३८७, वेस्ट इंडीज २१७. आता गंमत पाहा. पहिला दिवस पावसात गेला होता, सामना चार दिवसांचा उरला होता, त्यामुळे फॉलोऑन द्यायला दोनशेऐवजी दीडशेचीच आघाडी पुरेशी होती. हा नियम वाडेकरांच्या डोक्यात पक्का होता. त्यांनी वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स यांना जाऊन सांगितलं, पुन्हा तुम्हीच खेळायला या. सामना अनिर्णित राहिला, पण भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची ती पहिलीच वेळ. याला धैर्य म्हणावं की नीट केलेला अभ्यास? मी अभ्यास म्हणेन.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी आपणहून चेंडू मागितला, असं सांगतात. दुराणी म्हणजे लहरी माणूस. लागली तर लागली. सावध कर्णधाराने ‘बघू नंतर’ म्हणून टोलवलं असतं. वाडेकरांनी चेंडू दिला. लॉइड वाडेकरांच्याच हाती झेल देऊन गेले, सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत झाले. तो सामना आपण सात गडी राखून जिंकला, आणि त्याच एका विजयावर मालिकाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत गारद. आपल्याला १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी वाडेकर ४५ वर धावबाद झाले, अजून ९७ धावा बाकी. तंबूत परतून हा गृहस्थ चक्क झोपला! जिंकल्याची बातमी इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी उठवून दिली, असं म्हणतात. खांद्यावर टॉवेल टाकून येरझारा घालणारा कर्णधार चित्रात शोभतो, पण आत खेळणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

आता दुसरी बाजू. १९७४, पुन्हा इंग्लंड. माणूस तोच, स्वभाव तोच. लॉर्ड्सवर ४२ धावांत सर्वबाद, मालिका ०-३. तीन वर्षांपूर्वी ज्याला ‘शांतपणा’ म्हटलं, त्यालाच आता ‘थंडपणा’ म्हणू लागले. त्याच वर्षी वाडेकर निवृत्त झाले. गुणांच्या यादीला या मालिकेचं उत्तर देता येत नाही.

निर्णयांची सवय मात्र टिकली. मार्च १९९४, ऑकलंड. वाडेकर संघाचे व्यवस्थापक. सलामीवीर सिद्धूची मान आखडलेली, आणि सचिन तेंडुलकर कर्णधार अझरुद्दीन व वाडेकर यांच्याकडे सलामीला पाठवा म्हणून मागे लागलेला. दोघांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता, तरी मला तो निर्णय इतकाच चांगला वाटला असता. तुम्हाला वाटला असता का, ते प्रश्नोत्तरांत सांगा.