कासवांची सोसायटी



घरोघरची कासवं बागेतल्या हौदात एकत्र ठेवू, असं मुलं म्हणतात. हौस छान, पण हिशेब ऐका. नाण्याएवढं आणलेलं लाल कानाचं परदेशी कासव ताटलीएवढं होतं, २०-३० वर्षं जगतं. बँकेच्या भाषेत, आपल्या सोसायटीच्या वयाएवढ्या मुदतीची ठेव! एकत्र ठेवली की नर माद्यांना छळतात, एकमेकांना चावतात. मोठं छोट्याचं खाणं पळवतं. म्हणून जागा ऐसपैस हवी, उन्हात बसायला दगड वेगवेगळे, नर कमीच. स्टार कासव तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पाळताच येत नाही. आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका. देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. सांभाळणार कोण, ते आधी ठरवा. मगच हौदाचा ठराव मांडा.