आवाजाच्या मागे राहणारी गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून काही जण रेडिओचा कान पिळतील, याची मला कल्पना आहे. सशाच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडावं, हा काय सकाळी सकाळी बोलायचा विषय झाला? त्यातून आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते चांगलंच झालं. मी सांगणार आहे ती गोष्ट इंग्लंडमधली आहे, आणि ती माझ्या एका चुकीची आहे.

नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं हेरफर्डशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगत राहत होतो. घरमालक शेतकरी होते, सत्तरी ओलांडलेले. गव्हाचं पीक वीतभर वर आलं की कुंपणालगतचा पट्टा कोणी वस्तऱ्यानं भादरल्यासारखा दिसायचा. ती ससेमहाराजांची कृपा! आपला ससा गवतातल्या खळग्यात एकटा बसतो. तिकडचा ससा बिळं खणून वसाहत करून राहतो आणि पिकाचा फडशा पाडतो. त्याला मारण्याचा कुळाचा हक्क तिथं १८८० च्या कायद्यानंच मान्य केलेला आहे.

मी कोल्हापूरकडचा. तरुणपणी रायफल क्लबात पन्नास मीटरवर कागदी लक्ष्यं फोडलेली. हे मी जरा फुशारकीनंच सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले, "मग या की संध्याकाळी." रायफल त्यांची, परवाना त्यांचा, जमीन त्यांची. त्यांच्या देखत त्यांची रायफल चालवायला पाहुण्याला तिथल्या कायद्यानं मुभा होती.

रायफल माझ्या ओळखीची निघाली, पॉइंट टू-टू. तिचं 'लाँग रायफल' हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघालं आणि आजही जगभर चालतं. त्याच्या बुडाला मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं. पिन ती कड चेपते आणि बार उडतो. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसांत शिकारी आपल्या हातानं दारू भरून हवा तो वेग साधू शकतो. इथं ती सोय नाही. कारखान्यातून जे येतं त्यातूनच निवडायचं.

त्यात दोन मुख्य जाती. एक वेगवान, गोळी सेकंदाला सुमारे १२५० फूट जाणारी. दुसरी संथ, सेकंदाला सुमारे १०५० फूट, म्हणजे ३२० मीटर जाणारी. साधारण थंड हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे ही दुसरी गोळी आपल्याच आवाजाच्या मागे राहते. तिलाच सबसॉनिक म्हणतात.

आता प्रश्न असा, की वेगवान मिळत असताना संथ कशाला घ्यायची? बंदुकीचे आवाज दोन असतात. एक नळीच्या तोंडाशी दारूच्या वायूंचा. तिथं मोटारसायकलसारखा सायलेन्सर लावला की तो बराच दबतो. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. पोतराजाच्या आसुडाचा 'फाट्' असा आवाज आपण ऐकला असेल. आसुडाचं टोक आवाजापेक्षा वेगानं जातं म्हणून तो होतो. वेगवान गोळी वाटभर तोच आसूड ओढत जाते, आणि त्याला नळीवरचा कुठलाच सायलेन्सर पुरा पडत नाही. तो कडाका झाला की सगळं कुरण क्षणात बिळात. संथ गोळीला नुसता 'पट्' होतो. चार हातांवरचा ससा मान वर करतो आणि पुन्हा चरायला लागतो.

एवढं कळलं आणि मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. म्हातारबुवांच्या कपाटात स्पर्धेच्या काडतुसांची एक जुनी पेटी होती. क्लबात वापरायचो तसलीच, संथ, भरीव शिशाच्या गोळीची. मी म्हटलं, "हीच. यासारखा नेम दुसऱ्या कशाचा नाही." ते म्हणाले, "ती कागदासाठी आहे." मी ऐकलं नाही. क्लबातली पदकं डोक्यात होती ना!

संध्याकाळी उतारावर एक ससा कान टवकारून आडवा बसला होता. मला वाटलं, अंतर साठ यार्ड. डोक्यावर नेम धरला, चाप ओढला. 'पट्' झालं, आणि ससा तीन पायांवर खुरडत बिळात गेला.

आम्ही अंधार पडेपर्यंत त्या बिळाशी बसलो. तो बाहेर आला नाही. आत तो किती वेळ जिवंत होता, कोणाला ठाऊक. म्हातारबुवा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दोरी धरायला लावून अंतर मोजलं. ऐंशी यार्ड भरलं. मग त्यांनी तीस, पन्नास आणि ऐंशी यार्डांवर पुठ्ठे उभे केले. पन्नासवर नेम जुळवलेली रायफल ऐंशीवर तीन इंचांहून जास्त खाली मारत होती. शंभरावर तर सहा-सात इंच. सशाच्या मेंदूची जागा असते रुपयाच्या नाण्याएवढी. गोळी आपलं काम चोख करत होती. अंतराचा अंदाज माझा चुकला होता. क्लबात अंतर दुसऱ्यानं मोजून दिलेलं असतं, हे मी विसरलो होतो.

मग गोळीच्या आकाराकडे वळलो. भरीव गोळी आरपार जाते आणि बरीच ताकद सोबत घेऊन जाते. शिवाय दगडावर, कडक जमिनीवर, पाण्यावर ती टप्पा घेऊन भलतीकडे उडते. ही चिमुकली गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा पेटीवरच छापलेला असतो. शिकारीसाठी टोकाला खळगा असलेली मऊ शिशाची गोळी घ्यायची. ती लागल्यावर फुलते आणि ताकद तिथंच सोडते. त्यातही वेगवान गोळीसाठी केलेला खळगा संथ गोळीला पुरत नाही, म्हणून सबसॉनिक म्हणूनच बनवलेली पोकळ गोळी पाहायची. पण कुठलीही गोळी असो, सशाच्या मागे मातीचा बांध हवाच. क्षितिजावर बसलेल्या सशावर बार काढायचाच नाही.

म्हातारबुवांनी पाच कंपन्यांच्या पेट्या आणल्या. पन्नास यार्डांवर प्रत्येकीच्या पाच पाच गोळ्या कागदावर झाडल्या. पेटी बदलली की आधी थोड्या गोळ्या वाया घालवायच्या, कारण प्रत्येक कंपनीच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि त्याचा थर नळीत बसावा लागतो. एका पेटीची पाचही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली. दुसरीची दोन इंचांत विखुरली, आणि ती महागातली होती! "नळीला काय आवडतं ते नळीलाच विचारायचं," म्हातारबुवा म्हणाले. जी आवडली तिचा पेटीवरचा घाणा क्रमांक पाहून त्याच घाण्याच्या आणखी पेट्या त्यांनी आणवल्या. कंपनी तीच असली तरी घाणा बदलला की वागणूक बदलते.

आणखी दोन गोष्टी त्यांनी शिकवल्या. एक थंडीची. हवा गार झाली की आवाज मंदावतो. शून्य अंशाला तो सेकंदाला ३३१ मीटरच उरतो. काही काडतुसं बरोबर या सीमेवर असतात. ती उन्हाळ्यात गुपचूप जातात आणि जानेवारीत आसूड ओढतात. दुसरी वाऱ्याची. मला वाटायचं, वेगवान गोळी वाऱ्यानं कमी ढळेल. या काडतुसाचं उलट आहे. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, वेगवान गोळी तिथं झपाट्यानं मंदावते आणि संथ गोळीपेक्षा जास्त ढळते. आणि आपोआप भरणारी रायफल असेल तर संथ काडतूस तिची यंत्रणा पुरती मागे ढकलेलच असं नाही. म्हातारबुवांची हातानं खटका ओढायची होती, म्हणून ती अडचण आली नाही.

शेवटी त्यांनी पन्नास यार्ड लांबीची दोरी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "हिच्या पलीकडचा ससा आपला नाही." तीन आठवडे मी नुसता कुरणात दोरी टाकत आणि डोळ्यानं अंतर जोखत फिरलो. त्यानंतर जो ससा मारला, तो चाळीस यार्डांवर, मागे बांध असताना. जागच्या जागी आडवा झाला. मालकीणबाईंनी त्याचा रस्सा केला. मी जेवलो, पण बिळातला तो दुसरा काही डोक्यातून गेला नाही.

२०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी मला विचारलं, "काका, त्याची गोळी लई फास्ट असंल न्हवं?" मी म्हटलं, "नाही रे बाबांनो. याच पॉइंट टू-टूची." स्पर्धेत संथ गोळीच वापरतात, कारण ती सरळ वागते. तिथं दहाचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरचंही नसतं. चुकलं तर गुण जातो आणि माणूस पुढची गोळी भरतो. कुरणात तसं नसतं.

म्हणून कोणी विचारलं, संथ गोळी का घ्यायची, तर आवाज कमी होतो हे उत्तर अर्धंच आहे. ती घेतली की जवळ जावं लागतं, आणि जवळ जाता आलं नाही तर रिकाम्या हातानं घरी यावं लागतं. ज्याला हे दुसरं जमत नाही, त्यानं पेटी कुठलीही घेतली तरी सारखीच.