विझलेल्या माळांचा हिशेब



मे २०१७ मध्ये राजस्थानच्या थर वाळवंटातील भडला सौर उद्यानासाठी लिलाव झाला आणि सौर विजेचा दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर उतरला. त्याचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. परंतु असा दर पंचवीस वर्षांसाठी बांधलेला असतो. एवढ्या अल्प दरात वाया जाणारे प्रत्येक युनिट थेट नफ्यातून वजा होते, ही त्या आनंदाची दुसरी बाजू.

भडल्याचा विस्तार सुमारे १४ हजार एकरांचा, क्षमता २,२४५ मेगावॅटची. एवढ्या पसाऱ्यात बिघाड झाला तर तो कळणार कसा? काच तर तशीच चकाकत असते. साधारणतः तीस पॅनेल एकापुढे एक जोडून एक माळ होते. कामगार तिला स्ट्रिंग म्हणतात. एक मेगावॅटच्या इन्व्हर्टरमागे अशा शंभरेक माळा असतात. त्यांतील एक बंद पडली तर होणारी एक टक्का घट धुळीच्या आणि विरळ ढगांच्या घटीत बेमालूम मिसळून जाते. हातात कॅमेरा घेऊन माणसाने भर उन्हात रांगा तुडवायच्या, हाच पूर्वीचा उपाय होता.

थर्मल कॅमेरा बसवलेला ड्रोन हेच काम आकाशातून करतो. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. जी सूर्यशक्ती वीज होऊन बाहेर पडत नाही, ती उष्णता होऊन पॅनेलमध्येच राहते. त्यामुळे बंद माळ शेजारणींपेक्षा काही अंशांनी तापलेली, सलग पट्ट्यासारखी दिसते. मात्र आकाश निरभ्र हवे आणि ऊन चौरस मीटरला किमान ६०० वॅटचे हवे. कोवळ्या उन्हात काढलेली चित्रे केवळ शोभेची!

आता पैशांकडे वळू. पॅनेल ३३० वॅटचे आणि एका किलोवॅटमागे वर्षाला १,७०० युनिट वीज, असे धरावे. एका पॅनेलचा तृतीयांश भाग निकामी झाला, तर भडल्याच्या त्या दराने वर्षाचे नुकसान साडेचारशे रुपयांचे. तेवढ्यासाठी तंत्रज्ञ धाडणेही परवडू नये. पण एक अख्खी माळ विझली, तर ४१ हजार रुपये जातात. शंभर मेगावॅटच्या प्रकल्पात दहा हजार माळा असतात. त्यांतील शंभर वर्षभर बंद राहिल्या तर ४१ लाख! तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च या रकमेशी ताडून पाहावा. तापलेला प्रत्येक ठिपका मोजून अहवाल फुगवण्यात काय हशील? पुष्कळ ठिपके पक्ष्यांच्या विष्ठेचे किंवा गवताच्या सावलीचे निघतात. त्यांना पाणी आणि विळा पुरतो.

महाराष्ट्रात हा हिशेब रुपयांपुरता राहत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील छोटे प्रकल्प शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावी उभे राहत आहेत. पाच मेगावॅटच्या प्रकल्पात एक टक्का घट म्हणजे वर्षाला सुमारे ८० हजार युनिट. तेवढ्या विजेवर पाच अश्वशक्तीचा पंप वीस हजार तासांहून अधिक चालतो. एकट्या प्रकल्पासाठी ड्रोनचे पथक बोलावणे महाग पडते. एका तालुक्यातील पाच-सहा प्रकल्पांनी एकत्र काम दिले, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो. मात्र कंत्राटात दुसऱ्या उड्डाणाची अट हवी. पहिले उड्डाण बंद माळा दाखवते. त्या खरोखर जोडल्या गेल्या की नाही, हे दुरुस्तीनंतरचे उड्डाणच सांगते. बिलाचा अखेरचा हप्ता त्यानंतरच द्यावा.