गूळ का पाघळतो?



कोल्हापूर जिल्ह्यातील मुलाची गुऱ्हाळाशी ओळख बहुधा शाळेच्या आधी होते. म्हणून 'उष्णतेने पदार्थ वितळतात' हा पाठ चालू असता एखादा विद्यार्थी विचारतो : घरची गुळाची ढेप वैशाखात टणक असते आणि आषाढाच्या गारठ्यात पाघळते, हे कसे? गुरुजींनी या शंकेस वात्रटपणा समजू नये. पाठाचे मर्म तिच्यातच आहे.

घन पदार्थाचे रेणू परस्परांना धरून असतात. उष्णतेने त्यांची थरथर वाढते; ती या पकडीहून वरचढ झाली की पदार्थ वितळतो. पकड जितकी घट्ट, तितका द्रवणांक वरचा. खोबरेलाच्या रेणूंमधील ओढ दुबळी, म्हणून ते सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच वितळते आणि पौषातील सकाळी बाटलीत थिजलेले आढळते. शेजारचे भुईमुगाचे तेल मात्र पातळच! खोबरेलाच्या रेणूंतील साखळ्या बहुतांशी सरळ असतात. मोळीतील सरळ उसांप्रमाणे त्या एकमेकींस लगटून बसतात. भुईमुगाच्या तेलातील पुष्कळशा साखळ्यांना बाक असतो. वाकड्या उसांची मोळी घट्ट बांधली जात नाही.

साखरेची गोष्ट निराळी. तिच्या प्रत्येक रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट असतात. जणू या आठ हातांनी तो शेजाऱ्यांना धरतो. या पकडीस हायड्रोजन बंध म्हणतात. ती सुटण्यास सुमारे १८६ अंश तापमान लागते, आणि तोवर साखर करपूही लागते. मिठास तर ८०१ अंश लागतात. तेथे रेणू नसून विद्युत्भारित आयन एकमेकांस ओढतात. शाळेत मीठ वितळवून दाखविण्याचा हट्ट धरू नये.

आता गूळ. त्यात साखरेसोबत ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. ती दमट हवेतील पाणी शोषून घेतात. पाण्याचे रेणूही हायड्रोजन बंधच जोडतात. ते साखरेच्या रेणूंमध्ये शिरतात आणि त्यांचे एकमेकांत गुंतलेले हात सोडवून आपल्या हाती घेतात. ढेप सैल पडते. पकड येथे उष्णतेने नव्हे, पाण्याने सुटली. हे वितळणे नव्हे, विरघळणे होय. बोलीत तूपही पाघळते आणि गूळही पाघळतो, त्यामुळे मुलांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

पावसाळ्यात गुळाचा एक खडा घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत व दुसरा उघड्या बशीत घालून दोन्ही एकाच खिडकीत ठेवावेत. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा. तापमान दोहोंचे सारखेच. चार दिवसांनी मुलांनी बोट लावून पाहावे.